बिघडलेला इम्प्लांट: वाचवावा, काढावा की काढून दुसरा बसवावा?

२०१७ मध्ये माझ्या खालच्या जबड्यातील डावीकडच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवला गेला आणि पुढच्याच वर्षी थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या दादाला, जवळपास त्याच जागी. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. दादा तासगावजवळ द्राक्षबाग सांभाळतो. सहा वर्षांच्या आतबाहेर दोघांचेही इम्प्लांट बिघडले. माझा वाचला, दादाचा काढावा लागला. त्या वर्ष-दीड वर्षात मिरजेतील एका हिरडीतज्ज्ञांच्या खुर्चीत बसून आम्ही जे ऐकले, विचारले, वाचले आणि सोसले, त्यातून हा आढावा तयार झाला आहे. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे निर्णयाच्या दोन्ही बाजू समोरासमोर मांडून पाहण्याची सवय जडली आहे, एवढीच माझी पात्रता. तपासणी आणि निदान डॉक्टरांचेच; परंतु निदानानंतर ‘आता काय करायचे ते तुम्ही ठरवा’ असे म्हटले जाते, तेव्हा रुग्णाच्या हातात काहीतरी असावे, यासाठी हे लिहीत आहे.

हलते आहे ते नेमके काय?

इम्प्लांट म्हणजे एकसंध दात नव्हे. हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर घट्ट केलेला मधला जोडभाग आणि त्यावरची कॅप, असे त्याचे तीन भाग असतात. मधला जोडभाग एका बारीक स्क्रूने आवळलेला असतो. ‘इम्प्लांट हलतोय’ अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा यांपैकी कोणता भाग हलतो आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

हाडातील स्क्रू का धरून बसतो, हे समजले की बाकीचे सोपे होते. १९५२ मध्ये स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करत असताना, हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाने असे घट्ट धरले होते की ते निघेना. त्याच गुणाचा उपयोग करून १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि त्या रुग्णाने ते २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत वापरले. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक बारीक आवरण असते, म्हणून सैल झालेला दात उपचारानंतर पुन्हा थोडाफार घट्ट होऊ शकतो. इम्प्लांटला हे आवरण नाही. हाड थेट धातूला चिकटलेले असते. त्यामुळे हाडात बसून जम धरलेला इम्प्लांट पुढे स्वतः हलू लागला, तर त्याचा हाडाशी असलेला जोड तुटलेला असतो आणि तो पुन्हा जुळत नाही. अशा वेळी वाचवण्याचा पर्याय संपतो. प्रश्न फक्त कधी आणि कसा काढायचा एवढाच उरतो.

पण कॅप हलते म्हणजे इम्प्लांट हलतो, असे मुळीच नाही. माझ्या बाबतीत एका रविवारी भाकरी चावताना दाढ लटलटली आणि मी दोन रात्री जागून काढल्या. सोमवारी डॉक्टरांनी कॅप सोडवली, आतल्या स्क्रूवर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘‘काका, हा जागचा हललेला नाही. वरचा स्क्रू सुटलाय.’’ तो ठरावीक जोराने आवळायचा असतो, साधारण ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर, आणि त्यासाठी दाब दाखवणारा छोटा पान्हा असतो. काम काही मिनिटांत झाले. मात्र हाच स्क्रू वारंवार सुटत असेल, तर त्या दाढेवर चावण्याचा भार जास्त पडतो आहे किंवा झोपेत दात खाण्याची सवय आहे, असा अर्थ निघतो आणि त्याचा बंदोबस्त केला नाही तर पुढे स्क्रू मोडतोही. स्क्रू आवळताना डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि खरी हकीकत तिथून सुरू झाली.

दुखत नाही, म्हणूनच फसगत

कॅप काढल्यावर कडेची हिरडी लालसर, किंचित सुजलेली दिसली आणि साधा स्पर्श होताच तिच्यातून रक्त आले. मला दुखत काहीच नव्हते. इम्प्लांटभोवतीच्या आजाराची हीच चाल आहे: हाड झिजत जाते तरी ठणका लागत नाही, आणि माणूस दुखेपर्यंत थांबतो.

या आजाराच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीत संसर्ग हिरडीपुरता असतो. तिला म्युकोसायटिस म्हणतात. रक्त येते, सूज असते, पण हाड शाबूत असते आणि नीट स्वच्छता झाली तर ही अवस्था परतवता येते. दुसरी पेरी-इम्प्लांटायटिस, तिच्यात हाड झिजू लागते आणि झिजलेले हाड स्वतःहून भरून येत नाही. दोहोंतील फरक आरशात दिसत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, मोजपट्टीसारख्या खुणा असलेली बोथट सळई हिरडी आणि इम्प्लांट यांच्या फटीत हलक्या हाताने घालून मोजलेली खोली. दुसरी, त्या जागेचा लहान एक्स-रे. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेल्या व्याख्येनुसार, जुना एक्स-रे हाताशी नसेल तर स्पर्श करताच रक्त किंवा पू येणे, फटीची खोली ६ मिलिमीटर किंवा अधिक असणे आणि हाडाची पातळी ३ मिलिमीटर किंवा अधिक खाली गेलेली असणे, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की पेरी-इम्प्लांटायटिस समजतात. जुना एक्स-रे असेल तर त्याच्याशी ताडून पाहणे अर्थातच अधिक भरवशाचे. पहिल्या वर्षात हाड थोडे बसते, हे गृहीत धरलेले असते. त्यानंतरही ते खाली सरकत असेल, तर ते आजाराचे लक्षण.

एक्स-रेवर हे वाचण्याची एक सोपी रीत मला डॉक्टरांनी दाखवली. इम्प्लांटला स्क्रूसारखे आटे असतात आणि ते चित्रात करवतीच्या दातांसारखे स्पष्ट दिसतात. हाडाच्या वर किती आटे उघडे पडले आहेत ते मोजायचे. २०१८ च्या माझ्या एक्स-रेत एकही आटा उघडा नव्हता, २०२३ मध्ये चार होते. दादाच्या एक्स-रेत इम्प्लांटच्या दोन तृतीयांशांहून अधिक उंचीपर्यंत दोन्ही बाजूंना काळी पट्टी होती. हाडात उरला होता तो फक्त तळ.

दादाला वर्षभर तोंडात वाईट चव येत होती आणि हिरडी दाबली की पिवळसर थेंब निघत असे. त्याने ते ‘उष्णता’ म्हणून सोडून दिले. बाग ऐन छाटणीत, मग मण्यात, मग व्यापाऱ्याच्या वाटेकडे डोळे. दातासाठी दिवस काढणे त्याला परवडत नव्हते. मधल्या काळात त्याने हिरडीला हळद आणि मीठ चोळले. हळदीच्या पेठेतल्या माणसाला हळदीविरुद्ध बोलायला लावू नये, पण सहा-सात मिलिमीटर खोल फटीत, आट्यांच्या खाचांत चिकटलेल्या जंतूंच्या थरापर्यंत हळद पोहोचत नाही. औषधांच्या दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकचेही तसेच: सूज चार दिवस उतरते, थर जागचा हलत नाही, आणि पुढच्या खेपेला दुखणे जास्त खोल गेलेले असते.

ज्यांचा इम्प्लांट अगदी अलीकडे बसवला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. पहिले दोन-तीन दिवस सूज आणि दुखणे अपेक्षित असते. त्यानंतर ते वाढत जाणे, पू येणे किंवा काही आठवड्यांनी स्क्रू बोटाने फिरल्यासारखा वाटणे, हे हाडाने त्याला धरलेच नसल्याचे लक्षण असू शकते. ड्रिल करताना हाड तापणे, हाड मऊ असणे, जखमेत संसर्ग होणे किंवा हाड जुळण्याआधीच भार पडणे, ही त्याची नेहमीची कारणे. असा इम्प्लांट काढून टाकणे हाच उपाय असतो, आणि हाडाची हानी फारशी झालेली नसल्याने काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा प्रयत्न करता येतो. एक गोष्ट मात्र तासांच्या हिशेबातली आहे: खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवल्यावर भूल उतरण्याची वेळ टळून गेली तरी ओठ आणि हनुवटी बधिरच राहिली, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा. स्क्रूचा दाब जबड्यातील नसेवर पडत असेल, तर तो लवकर सैल करणे किंवा काढणे यावरच नस पूर्ववत होणे अवलंबून असते.

वाचवण्याची बाजू

आमच्या दोघांत मी वाचवण्याच्या बाजूला पडलो, कारण इम्प्लांट हलत नव्हता, निम्म्याहून अधिक हाड शिल्लक होते, मला मधुमेह नाही आणि तंबाखूचे व्यसन नाही. डॉक्टरांच्या तोंडून हे चार निकष याच क्रमाने आले होते.

उपचार दोन टप्प्यांत होतो, आणि दुसऱ्या टप्प्यावर थेट उडी मारायला सांगणाऱ्या दवाखान्याबद्दल मी तरी सावध राहीन. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोंटोलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही क्रम हाच आहे. पहिल्या टप्प्यात हिरडी न उघडता सफाई केली जाते. कॅप काढतात, फटीतील थर आणि किटण खरवडतात, घरी कसे घासायचे ते पुन्हा शिकवतात आणि सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजतात. माझ्या पहिल्याच सफाईत कॅपच्या काठाखालून सिमेंटचा एक कण निघाला, ज्वारीच्या कणीएवढा. डॉक्टरांनी तो माझ्या नखावर ठेवून दाखवला. कॅप चिकटवताना बाहेर आलेले सिमेंट पूर्ण पुसले गेले नाही, तर ते हिरडीखाली राहून जाते आणि खडबडीत पृष्ठभागावर जंतूंना आयते घर मिळते. ज्यांच्या कॅप चिकटवलेल्या आहेत, त्यांनी ही शक्यता आवर्जून विचारावी. कॅप स्क्रूने बसवली असेल तर हा धोका उद्भवत नाही.

माझे रक्त येणे बरेच कमी झाले, पण दोन ठिकाणी खोली ६ मिलिमीटरच राहिली. इथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे: हाड झिजायला लागल्यावर नुसत्या वरच्या सफाईने पूर्ण बरे होणाऱ्यांची संख्या फार नाही. आट्यांच्या खाचांत अवजार पोहोचतच नाही. म्हणून दुसरा टप्पा, शस्त्रक्रिया. भूल देऊन हिरडी बाजूला करतात, आटे उघडे करतात, आजारी मऊ भाग काढतात आणि टायटॅनियमच्या बारीक ब्रशने किंवा बारीक पावडरच्या फवाऱ्याने आटे स्वच्छ करतात. पुढे काय करायचे, हे झिजलेल्या हाडाच्या आकारावर ठरते. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यासारखा, कडेने भिंत शिल्लक असलेला खळगा असेल, तर त्यात हाडाचा भराव घालता येतो आणि तो टिकतो. उतारावर आळे करून पाणी धरत नाही, तसे सपाट झिजलेल्या हाडावर भराव टिकत नाही. तिथे हिरडी खाली बसवून फट कमी करतात आणि काही वेळा उघडे राहिलेले आटे घासून गुळगुळीत करतात. बारीक व्यासाच्या इम्प्लांटवर असे घासकाम केले तर तो कमकुवत होतो, हेही विचारून घ्यावे. माझा खळगा आळ्याच्या जातीचा होता. भराव घातला गेला.

या मार्गाची किंमत पैशांपेक्षा वेळेत जास्त मोजावी लागते. पहिल्या वर्षात मी दवाखान्याच्या नऊ फेऱ्या मारल्या. आता दर चार महिन्यांनी जातो आणि ते आयुष्यभर चालणार आहे, कारण शस्त्रक्रियेनंतरही हा आजार काही वर्षांत डोके वर काढतो, असे बऱ्याच रुग्णांत आढळते. दाढेच्या आजूबाजूची हिरडी थोडी खाली गेली आहे. कडेला धातूची राखाडी रेषा दिसते आणि पालेभाजी तिथे हमखास अडकते. मागच्या दाढेत मला त्याचे काही वाटत नाही. समोरच्या दाताबाबत हाच परिणाम स्वीकारता येईल का, याचा विचार ज्याचा त्याने शस्त्रक्रियेआधी करावा, नंतर नव्हे. बाकी दोन वर्षांत खोली ४ मिलिमीटरवर स्थिर आहे आणि उघड्या आट्यांची संख्या वाढलेली नाही. ‘बरा झाला’ असा शब्द डॉक्टर वापरत नाहीत. ‘शांत आहे’ म्हणतात.

लेझरबद्दल विचारणा होतेच, म्हणून दोन शब्द. जाहिरातींत लेझर हा स्वतंत्र आणि खात्रीचा उपचार म्हणून मांडला जातो. नेहमीच्या सफाईपेक्षा त्याने ठळक आणि टिकाऊ फरक पडतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. जास्तीचे पैसे केवळ त्या नावासाठी द्यावेत, असे मला वाटत नाही.

काढण्याची बाजू

दादाच्या बाबतीत वाद घालण्यासारखे काही उरले नव्हते. मधुमेह बारा वर्षांचा आणि ताब्यात नसलेला, त्याच गालात दिवसभर तंबाखू-चुना, आणि इम्प्लांट स्वतः हलत होता. डॉक्टरांनी दोन अवजारांच्या मागच्या टोकांमध्ये कॅप धरून हलकेच दाबली, तेव्हा तिच्यासह सगळाच भाग वरखाली झाला. काढायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

हाडात अजून घट्ट असलेला इम्प्लांट काढणे मात्र इतके सोपे नाही. त्यात एक अवजार अडकवून पान्ह्याने उलट दिशेला फिरवतात आणि हाडाशी असलेला जोड तोडतात. तेही जमले नाही, तर गोल करवतीने त्याच्याभोवतीचे हाड कापून तो काढावा लागतो, आणि त्यात हाड जाते. इथेच वाचवणे आणि काढणे यांचा खरा संघर्ष आहे. चिवटपणे वाचवत राहिलात आणि आजार पुढेच सरकत राहिला, तर दरवर्षी पुढच्या इम्प्लांटसाठीचे हाड कमी होत जाते. निम्म्याहून जास्त हाड गेले असेल, शस्त्रक्रिया करूनही पू थांबत नसेल, इम्प्लांटच्या अंगाला तडा गेला असेल किंवा मुळात तो अशा कोनात बसला असेल की ब्रश कधी पोहोचणारच नाही, तर काढण्याचा निर्णय लांबवण्यात शहाणपण नाही, असे माझे मत झाले आहे. दादाने तो दोन छाटण्यांनी लांबवला आणि त्याची किंमत हाडात मोजली.

वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढांबाबत घाई थोडी अधिक करावी लागते. तिथे हाडावर लगेच सायनसची पोकळी असते. सैल झालेला इम्प्लांट त्या पोकळीत सरकला, तर तो काढणे ही निराळी आणि मोठी शस्त्रक्रिया होते.

एक सूचना हाड ठिसूळ होण्यावर औषध घेणाऱ्यांसाठी. आठवड्याची गोळी असो वा सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे इंजेक्शन, त्याचे नाव दंतवैद्यांना सांगितल्याशिवाय इम्प्लांट काढायला बसू नये. अशा काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडे पडून राहण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबतही आधी बोलावे. त्या स्वतःच्या मनाने बंद करणे अधिक धोक्याचे.

काढल्यावर त्या जागी काय?

पहिला विचार साहजिकच दुसऱ्या इम्प्लांटचा येतो. तो शक्य असतो, पण त्याच जागी दुसऱ्यांदा बसवलेला इम्प्लांट टिकण्याचे प्रमाण पहिल्यापेक्षा कमी आढळते. जागा तीच, हाड कमी, आणि माणूसही तोच असतो. पहिला ज्या कारणाने गेला ते दूर झाले असेल, म्हणजे अतिरिक्त सिमेंट होते, कोन चुकला होता किंवा भार जास्त होता, तर दुसऱ्याला चांगली संधी आहे. कारण साखर, तंबाखू आणि न घासण्याची सवय हे असेल, तर दुसरा इम्प्लांटही त्याच वाटेने जाईल. साधारण दोन-तीन महिने जखम भरू द्यायची. भराव लागला तर चार ते सहा महिने. मग इम्प्लांट, आणि तो हाडात जुळायला खाली तीन-चार महिने, वर आणखी थोडे. म्हणजे वर्ष धरूनच चालावे.

ब्रिजमध्ये, म्हणजे शेजारच्या दोन दातांचा आधार घेऊन मधला खोटा दात बसवण्यात, हे सगळे टळते. दोन-तीन आठवड्यांत काम होते, शस्त्रक्रिया नाही, हाडाची अट नाही. मोबदल्यात शेजारचे दोन दात कातून घ्यावे लागतात, आणि ते धडधाकट असतील तर मन धजावत नाही. दादाच्या शेजारच्या दोन्ही दातांत आधीच मोठे फिलिंग केलेले होते, एकाचे रूट कॅनॉलही झाले होते. त्यांना तशाही कॅपची गरज होती. अशा तोंडात ब्रिज हा दुय्यम पर्याय राहत नाही, उलट तोच सरळ उत्तर ठरतो. काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त, पण एका दाढेसाठी ती वापरत राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. बहुतेकांची ती आठवड्याभरात कपाटात डबीत जाते. अनेक दात गेले असतील तर गोष्ट वेगळी. खालचा जबडा पूर्ण दंतहीन असेल तर दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी ही आता मान्य आणि तुलनेने परवडणारी रीत आहे.

आणि एक पर्याय कुणी बोलून दाखवत नाही: जागा रिकामी ठेवणे. गेलेली दाढ अगदी मागची असेल, समोरच्या जबड्यातली दाढ त्या रिकाम्या जागेत सरकत नसेल आणि पुढच्या दाढांवर चावणे नीट होत असेल, तर रिकाम्या जागेने बहुतेकांचे काही अडत नाही. अशा अगदी मागच्या दाढेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा भराव, पुन्हा वर्षभराच्या फेऱ्या असा हिशेब कुणी मांडला असता, तर मी रिकामी जागा पत्करली असती.

पैसा, ठिकाण आणि एक चिकटपट्टी

आकडे दवाखान्यागणिक बदलतात, म्हणून क्रमच सांगतो. पहिल्या टप्प्याची सफाई सर्वांत स्वस्त. त्यावर शस्त्रक्रिया आणि भराव. ब्रिजचा खर्च कॅपच्या प्रकारावर. आणि काढणे, भराव, नवा इम्प्लांट, नवी कॅप ही साखळी सर्वांत महाग, कारण तीत जुना खर्च बुडालेला असतो आणि नवा पूर्ण असतो. बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात वगळता दातांचा खर्च मिळत नाही. वेळ काढता येत असेल, तर दंत महाविद्यालयांतील हिरडी विभाग हा खर्च कमी करण्याचा रास्त मार्ग आहे. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीत भारती विद्यापीठाचे आणि कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे. सातारा जिल्ह्याच्या बाजूच्या लोकांना कऱ्हाडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचे. तिथे विद्यार्थी काम करतात, वेळ जास्त लागतो, पण वरिष्ठ शिक्षकांची नजर असते. आमच्या निर्णयात दुसरे मत मी अशाच ठिकाणी घेतले.

आता ती चिकटपट्टी. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक छापलेली चिकटपट्टी येते आणि ती रुग्णाच्या कार्डावर लावून देण्याची पद्धत आहे. कंपनीगणिक स्क्रू आणि तो फिरवणाऱ्या चावीचा नमुना वेगळा असू शकतो. दादाने इम्प्लांट मुलाकडे राहायला गेल्यावर दुसऱ्या शहरात बसवून घेतला होता. कार्ड मिळाले नव्हते आणि तो दवाखाना पुढे बंद झाला. एक्स-रेतील आट्यांच्या आकारावरून कंपनी ओळखण्यात आमचे तीन आठवडे गेले. शेवटी त्याचा इम्प्लांट सैल असल्याने चावीची गरजच पडली नाही, हा वेगळा भाग. माझे कार्ड पाकिटात असल्यामुळे माझा सुटलेला स्क्रू पहिल्याच भेटीत आवळता आला.

घरची निगा दोन्ही बाजूंना सारखीच. मऊ ब्रश, तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असलेला दातांमधला छोटा ब्रश, आणि जमल्यास पाण्याची धार सोडणारे यंत्र. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. जास्त दिवस केल्या की दात तपकिरी पडतात आणि चव बिघडते. मिश्री इम्प्लांटवर लावणे म्हणजे त्याच्या काठावर रोज तंबाखू चोळणे.

दादाने ब्रिज करून घेतला. तंबाखू निम्म्यावर आली आहे, सुटलेली नाही, आणि ते तो लपवत नाही. ब्रिजखालची जागा साफ करायला त्याला एक विशिष्ट दोरा दिला आहे. तो औषधांच्या डब्याऐवजी त्याने आंघोळीच्या साबणाशेजारी ठेवला, तेव्हापासून वापरात आला. पुढच्या तपासणीची तारीख आता त्याच्या बागेच्या वहीत, फवारणीच्या तारखांच्या रांगेत लिहिलेली असते.